डॉक्टरांच्या फटफटीचे मीटर

जुन्या घरात शिरले की माणूस आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो. ते चालू असले तर घर नांदते आहे असे वाटते. बंद असले तर ते कोणत्या वेळी थांबले असावे, या विचाराला सुरुवात होते. आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या वाड्यांतून अशी थांबलेली घड्याळे पुष्कळ आहेत. कुणी ती दुरुस्त करीत नाही आणि कुणी ती उतरवीतही नाही. गेल्या कार्तिकात मात्र मला एका निराळ्याच थांबलेल्या घड्याळाशी दोन आठवडे झटावे लागले. ते भिंतीवर नव्हते, एका फटफटीवर होते; आणि ते वेळ दाखवीत नव्हते, वाट दाखवीत होते.

माझी आत्या गोमंतकात डिचोलीला दिली होती. तिचे यजमान, आम्हा सर्वांचे डॉक्टरकाका, डिचोलीस दवाखाना चालवीत आणि आठवड्यातून एकदा पेडण्यास जाऊन तिथल्या रोग्यांना तपासत. डिचोली आणि पेडणे हे दोन्ही महाल गोव्याच्या नव्या काबिजादींतले. जुन्या काबिजादी सोळाव्या शतकापासूनच पोर्तुगिजांच्या ताब्यात होत्या. हे मुलूख मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे गेले. पेडणे तर सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1788 मध्ये गेले. त्यामुळे इथली देवळे जागच्या जागी राहिली आणि घरात पोथ्या मराठीच राहिल्या. डिचोलीजवळ नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. त्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करविला, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. आत्याचे पत्र आले की त्यात नार्व्याचा उल्लेख हटकून असे, आणि पेडण्याच्या पुनवेचाही. त्या पत्रांतच केव्हातरी, आम्ही शाळकरी असताना, एक ओळ आली होती: ‘यांनी मोटारसायकल घेतली. आवाजाने गाव जागे होते.’

ती मोटारसायकल म्हणजे 1957 सालची बी.एस.ए., बी-31 या जातीची, 350 सी.सी.ची. ही गाडी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात 1945 पासून 1959 पर्यंत तयार होत होती. डॉक्टरकाकांनी ती पोर्तुगीज अमदानीतच घेतली. तिच्यावरचे गतिमापक किलोमीटरमध्ये आहे. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी आपल्या इकडच्या फटफट्यांवर मैल असत आणि रस्त्याच्या कडेला मैलांचेच दगड असत. भारतात मीटर-पद्धतीचा कायदा झाला 1956 मध्ये आणि त्याचा अंमल 1958 पासून टप्प्याटप्प्याने आला. पोर्तुगालने ती पद्धत एकोणिसाव्या शतकातच घेतली होती. म्हणजे 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा डॉक्टरकाकांची फटफटी मापांच्या बाबतीत आपल्या पुढेच होती.

काका जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आत्याही गेली. गाडी मागच्या पडवीत गोणपाटाखाली उभी राहिली. माझा आतेभाऊ, ज्याला घरीदारी सारे भाई म्हणतात, बँकेत हिशेबनीस होता. तो आता निवृत्त आहे. जुन्या गाड्यांना आज मोल आले आहे. एका संग्राहकाने भाईला चांगली किंमत देऊ केली आणि दोन अटी घातल्या: इंजिन चालू हवे आणि मीटर चालू हवे. इंजिनाची व्यवस्था भाईने म्हापशाच्या एका कुशल मेस्ताकडून करून घेतली. मीटरला मात्र त्या मेस्ताने हात लावला नाही. ‘हें घड्याळजीचें काम,’ एवढे म्हणून तो मोकळा झाला. तेव्हा भाईला माझी आठवण झाली. माझे शिक्षण कलाभवनाच्या परंपरेतले, म्हणजे सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये स्थापिलेल्या आणि 1949 पासून विद्यापीठात सामावलेल्या त्या संस्थेतले. आणि जुनी घड्याळे उघडण्याचे मला व्यसन आहे, हे नात्यात सर्वश्रुत आहे. भाईने फोनवर विचारले, “येतोस का? मासळीचे जेवण आणि एक बंद मीटर, दोन्ही तयार आहेत.” मी निघालो.

*

प्रथम हे मीटर म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. गाडीचा वेग मोजण्याच्या दोन रीती जुन्या काळी होत्या. एक चुंबकाची. चाकापासून निघालेली तार मीटरात एक लोहचुंबक फिरवते. त्याच्या भोवती अॅल्युमिनियमची हलकी वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. एक केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचते. या ओढाताणीत जिथे तोल साधेल तिथे काटा उभा राहतो. ओटो शुल्त्से नावाच्या जर्मन संशोधकाने 1902 मध्ये या युक्तीचा हक्क नोंदविला. पुढे जगातल्या बहुतेक गाड्यांवर हीच युक्ती चालली.

दुसरी रीत घड्याळाची. इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीची अशी मीटरे त्या काळच्या बहुतेक नामांकित इंग्रजी फटफट्यांवर असत, आणि काकांच्या गाडीवर तेच होते. याचे काम समजायचे तर वैद्याने नाडी कशी पाहिली ते आठवावे. नाडी पाहणारा डॉक्टर मनगटावर बोट ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजतो आणि चाराने गुणतो. हे मीटर अगदी तेच करते. आत एक लहानसे तोलचक्र टिकटिक करीत ठराविक क्षण मापते. तेवढ्या क्षणात तारेचे किती फेरे झाले ते एक दातेरी चाक मोजते, दुसरे ते टिपून घेते आणि तिसरे पुढची मोजणी होईपर्यंत काट्याला जागेवर धरून ठेवते. म्हणून या मीटरचा काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो. गाडी हळू असली तर कान देऊन त्याची टिकटिक ऐकूही येते. फटफटीवर बसलेले डॉक्टर आणि समोर नाडी मोजीत बसलेले यंत्र, ही जोडी मला मोठी शोभिवंत वाटली.

याच मीटरच्या पोटात दुसरे एक यंत्र असते: एकूण किती वाट झाली ते दाखविणारे आकड्यांचे पिंप. त्यावर थांबलेला आकडा होता 61,842.

*

काम सुरू करण्याआधी मी बॅटरीची तार सोडविली. ही खबरदारी लहान वाटते, पण मीटरशेजारीच विजेची आवक-जावक दाखविणारा अँपियरमापक बसविलेला असतो आणि बॅटरीची वीज त्यातूनच जाते. पाना घसरून दोन टोके एक झाली तर क्षणात धूर निघेल. मग भाईच्या नातीने तिच्या मोबाईलवर प्रत्येक तारेचे छायाचित्र घेतले. आम्ही आमच्या काळी कागदावर चित्र काढीत असू. त्यात तार कोणती आणि रेघ कोणती हे दुसऱ्या दिवशी कळत नसे.

अँपियरमापक सोपा म्हणून मी आधी तोच घेतला, आणि तिथेच माझ्याकडून चूक झाली. त्याची कड वाकवून बसविलेली असते. ती मी धीराने उचलली, काच काढली, आणि तबकडीवरची बुरशी पाहून मला राहवले नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मी तो तबकडीवर फिरविला. बुरशी गेली, तिच्याबरोबर डावीकडचा आठाचा आकडाही गेला. शून्याच्या उजवीकडे आठ आणि डावीकडे कोरी जागा! साठ-पासष्ट वर्षे गोमंतकाच्या पावसाला पुरून उरलेला आकडा माझ्या अर्ध्या मिनिटाच्या उत्साहाने पुसला गेला. भाई काही बोलला नाही. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, “राहू दे हो. आत येणारे दिसते आहे ना? जाणारे कोण मोजतो!” घराला हिशेबनिसापेक्षा अधिक शहाणे माणूस लाभले होते म्हणायचे. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. जुन्या वस्तूवर डाग असतो तो तिचा असतो. तो काढण्याच्या भरात मूळचे अक्षर गेले तर ते पुन्हा येत नाही. तबकडी कोरड्या, मऊ कुंचल्याने झाडावी, फार तर फुंकरीने. ओले काही तिला लावू नये. हा नियम मला ठाऊक होता. ठाऊक असणे आणि हात आवरणे यांत अंतर असते.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने डिचोलीच्या बाजारात एका घड्याळजींकडे गेलो. डिचोलीचा बाजार जुन्या धर्तीचा आहे. इथल्या पितळी समया प्रसिद्ध आहेत आणि मातीची भांडीही. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून माझी हकीकत ऐकली आणि म्हणाले, “सायबा, हें रोखडेंच जावचें ना.” हे लगेच व्हायचे नाही. मग ते रोज संध्याकाळी दुकान बंद करून भाईच्या पडवीत येऊ लागले.

मीटरची चकचकीत कड आट्यांवर फिरवून बसविलेली असते. साठ-सत्तर वर्षांत त्या आट्या गंजाने एक झाल्या होत्या. तीन दिवस आम्ही कडेच्या फटीत पातळ तेल थेंबाथेंबाने सोडले, गरम पाण्यात पिळलेला पंचा तिच्याभोवती गुंडाळला आणि रबरी पट्ट्याने हलकेच फिरवून पाहिले. हातोडी नाही, पेचकसाचे टोक नाही. चौथ्या संध्याकाळी ती कुरकुरली आणि सुटली. वहिनींनी ती कड चिंचेने घासून द्यायची तयारी दाखविली, कारण घरातल्या समया त्या चिंचेनेच लखलखीत ठेवतात. त्यांना नको म्हणावे लागले. समई अंगभर पितळेची. हिच्या अंगावर मुलामा आहे, आणि तो जिथे फुटला आहे तिथे चिंचेची आंबटी आत शिरली की उरलेलाही सुटायचा. साबणाचे पाणी आणि मऊ फडके एवढेच तिला दिले.

काच निघाल्यावर घड्याळजींनी तबकडीकडे पाहिले आणि हात मागे घेतला. आकड्यांवर आणि काट्यावर एक जाडसर, पिवळट-तपकिरी लेप होता. रात्री चमकावे म्हणून त्या काळच्या अनेक तबकड्यांवर रेडियमचा रंग देत. त्याची चमक काही वर्षांत जाते, कारण रेडियमच्या माऱ्याने रंगातले चमकणारे द्रव्य थकते. रेडियम मात्र थकत नाही. ते निम्मे व्हायलाच सुमारे 1600 वर्षे लागतात. म्हणजे न चमकणारी तबकडी निरुपद्रवी झाली असे मुळीच नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात 1920 च्या सुमारास अशा तबकड्या रंगविणाऱ्या तरुण मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यांच्यातल्या अनेकींच्या जबड्याची हाडे झिजली, कित्येकजणी दगावल्या, आणि त्यांनी दिलेल्या न्यायालयीन लढ्यामुळे जगाला या धोक्याची जाणीव झाली. हा रंग खरवडला की त्याची धूळ श्वासातून अंगात जाते. खरे भय तिथे आहे. काकांच्या मीटरवरचा लेप रेडियमचा आहे की नाही, हे मापन केल्यावाचून सांगता येत नाही. अशा वेळी तो आहेच असे धरून चालणे शहाणपणाचे. आम्ही हातमोजे चढविले, तोंडाला पट्टी बांधली, टेबलावर ओला कागद अंथरला आणि नातीला पडवीतून घालवून दिले. तबकडी तर सोडाच, काटाही उपटला नाही. आदल्या दिवशी माझा बोळा आधी या तबकडीवर फिरला असता तर काय झाले असते, हा विचार मी मनातच ठेवला.

मागचे दोन स्क्रू काढले की आतले सारे यंत्र तबकडीसकट पुढून बाहेर येते. ते आले, आणि दिसले ते घड्याळ नव्हतेच. लालसर काळ्या चिखलाचा गोळा होता. बोटाच्या टोकावर घेऊन घड्याळजी म्हणाले, “ग्रीस. आणि खाणीची माती.”

डिचोलीच्या वाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही लाल माती सांगावी लागत नाही. खनिज लोखंडाचे ट्रक इथून वर्षानुवर्षे नदीकाठच्या धक्क्यांकडे धावले, तिथून खनिज पडावांत भरून मांडवीने मुरगावकडे गेले, आणि वाटेवरच्या झाडांची पाने, घरांची कौले, माणसांचे सदरे तांबडे होत राहिले. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि 2018 च्या न्यायालयीन निर्णयाने पुन्हा थांबल्या, तेव्हा गावाची धूळ बसली, पण त्याबरोबर पुष्कळ घरांच्या चुलीही मंदावल्या. त्या प्रश्नाला दोन्ही बाजू आहेत. या मीटरात शिरलेली धूळ त्याही आधीची, खाणींच्या भरभराटीची.

धूळ कुठून आली ते उघड होते. पण एवढे ग्रीस मीटरात कोणी घातले?

*

उत्तर एका वहीत सापडले. डॉक्टरकाका प्रत्येक फेरीची नोंद ठेवीत. पुठ्ठ्याच्या जाड वह्या, निळी शाई, तीन रकाने: तारीख, मीटर, गाव. रोग्याचे नाव नाही, रोगाचे नाव नाही. मये, मुळगाव, कुडचिरे, साळ. पेडण्याच्या दिवशी धारगळ, पार्से, कोरगाव, कधी थेट हरमल. कितीएक नोंदींपुढे लहानसा चंद्र काढलेला. भाई म्हणाला, “ती रात्रीची बोलावणी.” आणि दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस एक निराळी ओळ: ‘मृगापूर्वी मीटरच्या तारेला भरपूर ग्रीस.’

‘भरपूर’ हा शब्द मी दोनदा वाचला. गोमंतकात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तार गंजू नये म्हणून काका तिला ग्रीस देत, हे बरोबरच होते. पण मीटरची तार म्हणजे वळणावळणांनी गुंफलेली दोरी असते. ती फिरू लागली की तिच्या वळणांतून ग्रीस वर चढते, जसे स्क्रूवरून चढावे तसे. म्हणून या तारेच्या वरच्या टोकाची वीतभर लांबी कोरडीच ठेवायची असते. काकांनी ती कधी ठेवली नाही. चौदा पावसाळ्यांचे ग्रीस वर चढत गेले, त्याला लाल धूळ मिळाली, आणि 1971 च्या श्रावणात मीटरचा मुख्य दांडा अडकला व तार आतल्या आत तुटली. ज्या हाताने इतकी काळजी घेतली त्याच हाताने ते मीटर बंद पाडले होते. भाई बराच वेळ वही हातात धरून बसला. मग म्हणाला, “बाबा औषध मात्र कधी जास्त देत नसत.”

खरी नवलाची गोष्ट त्यापुढे होती. 1971 च्या श्रावणानंतरही नोंदी थांबल्या नव्हत्या. तारीख, मीटर, गाव. तारीख बदलते, गाव बदलते, आणि मधल्या रकान्यात दर ओळीला 61,842. 61,842. 61,842. असे 1974 च्या मे महिन्यापर्यंत, काकांनी मोटार घेईतो. मी मोजल्या: 212 नोंदी. त्यांनी रकाना कोरा सोडला नाही, की मनाने अंदाजाचा आकडा लिहिला नाही. मीटर जे दाखवीत होते ते लिहिले. रोग्याचा ताप उतरला नसताना उतरला असे ज्याने कधी लिहिले नाही, त्या माणसाची ही वही होती.

*

आता प्रश्न उभा राहिला तो आकड्याचा. यंत्र बाहेर आले होते, आकड्यांचे पिंप बोटाने फिरविता येत होते, आणि पुन्हा बसविताना त्यावर कोणताही आकडा ठेवणे आमच्या हातात होते. संग्राहकाने फोनवरून सुचविले, “उघडलेच आहे तर शून्यावर आणा. गाडी नव्यासारखी दिसेल.” पुष्कळ जण असे करतात आणि त्यात काही लबाडी आहे असे त्यांना वाटतही नाही. भाईला शून्य पटले नाही. पण तो हिशेबनीस. त्याने कागद घेतला, 212 नोंदींतल्या गावांची अंतरे मांडली, डिचोलीहून अस्नोडा, म्हापसा, कोलवाळ, धारगळ करीत पेडण्याची फेरी धरली, आणि म्हणाला, “राहिलेले किलोमीटर यात मिळवू. बाबांचे श्रम तरी त्यात येतील.”

मला त्याचे म्हणणे क्षणभर पटले. त्या अडीच-पावणेतीन वर्षांतल्या रात्री, पावसातल्या फेऱ्या, त्या कुठल्याच आकड्यात आलेल्या नाहीत. पण शून्य जितके खोटे तितकाच हा आकडाही खोटा झाला असता. फक्त प्रेमाने सांगितलेला. मी भाईला एवढेच म्हटले, “काकांनी 212 वेळा जो आकडा लिहिला तो खोडून आपण आपला घालायचा का?” भाईने कागदाची घडी केली आणि वहीत ठेवून दिली.

मग साफसफाई झाली. यंत्र तबकडी वर करून, ती कागदाने झाकून धरले आणि मागच्या बाजूने बारीक कुंचल्याने व पांढऱ्या पेट्रोलने चिखल थोडा थोडा सोडविला. वाऱ्यासाठी दारे उघडी, आणि अर्थातच पडवीत दिवा-विडी काही नाही. सुकल्यावर घड्याळजींनी सुईच्या टोकाने घड्याळाचे तेल फक्त खुंट्यांच्या बैठकीला दिले, तेही डोळ्याला दिसेल न दिसेल इतके. ज्या तीन चाकांना बारीक दाते असतात त्यांना थेंबही नाही. “इतकें पुरो,” ते म्हणाले, आणि भाई हसला. ‘भरपूर’ शब्दाचे त्यांनी नकळत उत्तर दिले होते. कडेखालचे रबर वाळून कडक झाले होते. त्याची नवी कडी बसविली, म्हणजे येता पाऊस बाहेरच राहील. नवी तार आली. तिला खालून ग्रीस दिले आणि वरची वीतभर पुसून कोरडी ठेवली. अँपियरमापकावरची डावी बाजू कोरीच आहे. आठ नव्याने रंगविता आला असता. मी नको म्हटले. माझी चूकही त्या गाडीच्या हिशेबात राहू दे.

संग्राहकाला भाईने सारे खरे सांगितले: आकडा 61,842 आहे, तो 1971 पासून 1974 पर्यंत बंद होता, आणि त्यापुढे गाडी चाललीच नाही. त्याने किंमत बरीच खाली आणली. भाई म्हणाला, विचार करून कळवतो. आर्थिकदृष्ट्या माझ्या सल्ल्याने त्याचे नुकसान झाले, हे मी इथे लपवीत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी भाईने गाडी सुरू केली. मी मागे बसलो. गावाबाहेर पडलो तेव्हा काटा एक उडी मारून वीसवर आला, मग तीसवर, आणि त्या आवाजातही मला वाटले की टिकटिक ऐकू येते आहे. ती बहुधा माझ्या मनातली असावी. कोलवाळचा पूल ओलांडला. पेडण्याच्या वाटेवर आता नवे काय काय झाले आहे! याच महालात मोपा येथे 2023 मध्ये विमानतळ सुरू झाला आणि रुंद रस्ते आले. पिवळ्या-काळ्या फटफट्यांवरचे पायलट उतारू घेऊन भुर्रकन बाजूने निघून गेले. त्यातल्या एकाने आमच्या गाडीकडे वळून पाहिले आणि हात केला. पेडण्याला भगवतीच्या देवळासमोर, दारातल्या दगडी हत्तींजवळ आम्ही थांबलो, दर्शन घेतले आणि परत फिरलो.

घरी आल्यावर भाईने ती शेवटची वही काढली. 1974 च्या मे महिन्यातल्या ओळीखाली एक ओळ मोकळी सोडली आणि वडिलांच्याच तीन रकान्यांत, आपल्या बँकेतल्या नीटस अक्षरात लिहिले: तारीख, 61,908, पेडणे.

गाडी अजून विकलेली नाही.